कमरेच्या उंचीची बटणं

साळवे मिस्त्री मोटार भरायला बसले की कुणाशी बोलत नसत. समोर सरपंच येऊन उभा राहिला तरी डाव्या हाताचं एक बोट वर जायचं, म्हणजे थांबा, आणि उजवा हात लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळत राहायचा. ओठ तेवढे हलायचे. ठरलेले वेढे पुरे झाले की आकडा खडूने फरशीवर लिहायचा, पकडीने तार तोडायची आणि मग माणूस जणू आत्ताच आला आहे अशा थाटात विचारायचं, "हां, बोला. काय म्हंताय?" विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाल्यामुळे आलेला शेतकरी तोवर रडकुंडीला आलेला असायचा. त्याला मिस्त्री मोटारीच्या अंगावरून हात फिरवत सांगायचे, "जळाली म्हंजी मेली न्हाई, पाव्हणं. बॉडी शाबूत हाय. आदी जळकी तार भायेर काढू, मंग बगू."

मिस्त्री जाऊन आता पाच वर्षं झाली. तरी त्यांच्या नावाचा एक कागद दर महिन्याला माझ्या घरी येतो. लाईट बिल. ग्राहकाचं नाव, साळवे नामदेव गेणू. त्याखाली पत्ता माझ्या घराचा. बिल आलं की त्याच दिवशी मी रांगेत उभा राहून ते भरतो. खिडकीवरचा कारकून एकदा म्हणाला, "शिंदे, अजून नाव बदललं नाही होय तुम्ही? एक अर्ज आणि जुन्या मालकाची सही, एवढंच तर लागतं." मी हसून वेळ मारून नेली. जुन्या मालकाची सही माझ्या कपाटात कितीतरी वर्षं पडून आहे. ती तिथे का पडून आहे हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि ते सांगायची मला आजवर लाज वाटत आली. अजूनही वाटते.

नव्वदच्या दशकात रांजणगावची एमआयडीसी वाढत होती, तेव्हा मी तिथल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो. बिऱ्हाड शिरूरला केलं. आमची भाड्याची खोली साळवे मिस्त्रींच्या घरासमोर होती. पहिल्याच आठवड्यात आमचा फ्यूज उडाला. शैला, म्हणजे माझी बायको, समोर जाऊन सांगून आली, तर मिस्त्री पक्कड घेऊन हजर. काम झाल्यावर पैसे विचारले तर म्हणाले, "शिंदेभाऊ, आळीतल्या फ्यूजचं पैसं घ्याया लागलो तर आळी सोडाया लागंल मला." तेव्हापासून मी त्यांचा शिंदेभाऊ झालो. सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असलो की ते ओट्यावरून चहाची बशी वर करून दाखवायचे.

घर त्यांनी सहा वर्षं बांधलं होतं. एका वर्षी पाया, दोन वर्षांनी भिंती, मग स्लॅब. मूळचे ते दौंड तालुक्यातल्या राहूचे. तिथे गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात, त्यांचा जन्म पत्र्याखाली गेलेला. हे घराण्यातलं पहिलं सिमेंटचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. नव्या माणसाला त्या घरात एक गोष्ट मात्र खटकायची. दिव्यांची सगळी बटणं कमरेच्या उंचीवर होती. पहिल्यांदा गेलेला माणूस भिंतीवर वर वर चाचपडत राहायचा आणि मिस्त्री गंमत बघत बसायचे.

बटणं म्हातारीसाठी होती. मिस्त्रींच्या आईचे दोन्ही खांदे आखडलेले. आयुष्यभर लोकांच्या उसाच्या मोळ्या उचलून उचलून हात छातीच्या वर जाईनात. "वायरमन मला हसला," मिस्त्री सांगायचे. "म्हनला, मिस्त्री, माप चुकलं. म्या म्हनलं, चुकलं न्हाई. घर तिचं हाय. तिच्या हाताला लागत न्हाई त्यो दिवा काय कामाचा?" तिन्हीसांजेला म्हातारी उठायची आणि भिंतीला धरून धरून एकेक बटण दाबत सगळ्या घरात दिवे लावायची. तो मान तिचा. सुनेने, मंदाबाईने, चुकून आधी दिवा लावला तर म्हातारी तो बंद करून पुन्हा लावायची.

मग मिस्त्रींनी मोठी उडी घेतली. एका कारखान्याच्या सगळ्या मोटारींचं काम मिळालं, त्यासाठी वाइंडिंगचं मशीन घेतलं, तांबं घेतलं, आणि घर पतसंस्थेकडे तारण ठेवलं. वर्षभर बरं चाललं. मग त्या कारखान्याला टाळं लागलं आणि मिस्त्रींचं बिल आत अडकलं. हप्ते थकले. आधी मशीन गेलं, मग दारावर लिलावाची नोटीस आली. म्हातारीने विचारलं, ह्यो कागुद कसला रं? मिस्त्री म्हणाले, मतदानाचा हाय. म्हातारी त्या कागदाला रोज हात लावून बघायची. मी समोरून बघत असायचो. मिस्त्री मान वर करून माझ्याकडे बघत नसत. त्या महिन्यात त्यांनी बशी वर केली नाही.

एका रविवारी ते आळीत घरोघर फिरले. त्यांचं सोडून आमच्या आळीत बारा घरं. आमच्याकडे आले तेव्हा उंबऱ्यातच बसले. शैलाने चहा दिला तो तसाच हातात धरून बोलत होते. "शिंदेभाऊ, मला कुनाकडनं पैसं नकोत. फकस्त बोली लावू नका. येकाचीबी बोली न्हाई आली तर तारीख फुडं जाती. सा म्हैनं घावलं तर कारखान्याचं पैसं सुटतील, वकिलानं सांगितलंय. म्हातारीला शब्द दिलाय म्या, की ह्याच घरातनं तुला न्हेईन. तेवढं ऱ्हाऊ द्या माझं." आमच्याकडे ही रीत होतीच. लिलावातल्या घरावर आळीतला माणूस बोली लावत नाही. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मी मिस्त्रींचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "मिस्त्री, आळीतून कुणी बोलणार नाही. माझा शब्द."

हा शब्द मी मनापासून दिला होता, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. त्यानंतरच्या पंधरवड्यात आमच्या घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितलं. पुण्याचा कुणी दलाल घर बघून गेल्याची बातमी आली. खरी की खोटी, मी शोध घेतला नाही. मला ती खरी असायला हवी होती. मी स्वतःला समजावलं की घर जाणारच आहे, तर निदान ओळखीच्या माणसाकडे जावं. शैला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग तिनेच पाटल्या काढून दिल्या. आमच्या पोरांना जागा हवी होती. मी फंडातून कर्ज काढलं, आणि आळीत दिसायला नको म्हणून बोली मेव्हण्याच्या नावाने लावायचं ठरवलं. तो न्हावऱ्याचा. आळीतला नव्हता ना!

लिलावाच्या दिवशी मी पतसंस्थेसमोरच्या चहाच्या टपरीवर पाठ करून उभा होतो. दलाल आलाच नाही. आळीतल्या अकरा घरांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. सगळे भिंतीला टेकून गप्प उभे होते, असं मेव्हण्याने नंतर सांगितलं. समोर दुसरा कुणी बोलणारा नव्हता, म्हणून अधिकारी नुसता "अजून वाढवा" म्हणत राहिला आणि मेव्हणा वाढवत गेला. अर्ध्या तासात घर माझं झालं. टपरीवाल्याने विचारलं, "अजून एक कट देऊ?" मी हो म्हणालो. तो चहा मला प्यायला गेला नाही.

साळव्यांनी चौथ्या दिवशी घर सोडलं. आम्ही महिनाभर थांबून राहायला गेलो, मेव्हण्याचे भाडेकरू असल्यासारखे. आळीत कुणी काही बोललं नाही, पण फ्यूज उडाला तर आता वायरमनला पैसे देऊन बोलवावं लागणार होतं. आत शिरण्याआधी माझ्या आईने घरभर गोमूत्र शिंपडलं. नव्या घरात करतातच, असं ती म्हणाली. ते घर नवं नव्हतं, आणि ती काय धुऊन काढत होती हे मला कळत होतं. मी तिला थांबवलं नाही. मीटरशेजारी मिस्त्रींनी शाईने लिहिलेला कागद चिकटवलेला होता. कुठल्या बटणावर कुठला दिवा, फ्यूज कुठला, पावसात कुठल्या बोर्डाला हात लावू नये. अक्षर सुवाच्य, खाली सही नाही. गोमूत्राचे थेंब त्या कागदावरही उडाले होते.

चार महिन्यांनी पोस्टमन एक रजिस्टर घेऊन आला. पाकीट मिस्त्रींच्या नावाचं, पाठवणारा त्या बंद कारखान्याचा वकील. मिस्त्रींच्या सगळ्या कागदांवर पत्ता याच घराचा होता. पोस्टमन म्हणाला, यवतला गेलेत म्हणे ते, तुम्हीच पोचवा. मी ते पाकीट घेऊन शिरूरहून एसटीने चौफुल्याला आणि तिथून यवतला गेलो. वाटेत ते खिशातून काढून काढून बघत होतो. आत काय असेल हे मला कळलं होतं. चार महिने उशिरा आलं होतं, एवढंच.

यवतला हायवेच्या कडेला, पाइपच्या दुकानासमोर पत्रा टाकून मिस्त्री बसले होते. मशीन नव्हतं. लाकडी फर्मा, पक्कड आणि खडू. मी समोर उभा राहिलो. बोट वर गेलं. मी थांबलो. वेढे पुरे झाले, आकडा जमिनीवर लिहिला गेला, आणि ते म्हणाले, "बोला साहेब."

शिंदेभाऊ नाही. साहेब. मी पाकीट दिलं. त्यांनी उघडून चेक पाहिला. सगळे पैसे नव्हते, पण थकलेले हप्ते फिटून लिलाव थांबला असता एवढे नक्की होते. मिस्त्रींनी चेक घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हातारीला भेटून जावा. मागं हाय खोली."

ती खोली मिळायला त्यांना दीड महिना लागला होता, हे मंदाबाईंनी सांगितलं. खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी टायरवाल्याच्या दुकानामागे एक पत्र्याची मिळाली. माझं आडनाव ऐकून मला यवतमध्ये कुणी परत पाठवलं नसतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. संध्याकाळ होत आली होती. म्हातारी आत अंधारात बसली होती. बटण दाराच्या वरच्या अंगाला, माझ्याही खांद्याच्या वर. भाडेकरूने भिंतीला एक खिळाही मारायचा नाही, वायरिंगला हात लावायचा नाही, ही मालकाची अट. तालुक्यातल्या निम्म्या मोटारी हाताखालून गेलेला माणूस आपल्या आईसाठी एक बटण खाली आणू शकत नव्हता.

मी दिवा लावला. म्हातारीने डोळे बारीक करून बघितलं. "समूरचा शिंदे का रं तू? आमच्या घरात कोन ऱ्हातंय आता?"

मंदाबाई चुलीतलं लाकूड उगाचच मागेपुढे करू लागल्या. मी म्हणालो, "आहेत एक जण."

"बटनं हायेत का तिथंच, का वर न्हेली?"

"तिथंच आहेत, आजी."

"ऱ्हाऊ दे म्हनावं. ल्हान पोरं असली घरात तर त्येंच्याबी हाताला लागत्यात."

माझा धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता आणि दिवसभर ती बटणं चालू-बंद करत खेळायचा. मी आजीच्या पाया पडलो आणि निघालो. एसटीत बसल्यावर मला रडू आलं, पण त्या रडण्याचाही मला राग आला. रडून माझं काय जात होतं?

त्या चेकचं मिस्त्रींनी काय केलं ते मला शिरूरच्या दुकानदारांकडून कळलं. आणखी कुणी असता तर खोली बदलली असती, मशीन घेतलं असतं. मिस्त्री रविवारच्या एसटीने पिशवी घेऊन शिरूरला यायचे. किराणावाला, दूधवाला, तांब्याचा व्यापारी, पतसंस्थेची लिलावातून न फिटलेली बाकी. एकेका रविवारी एकेकाचं दार. तोंड चुकवून गेलेला माणूस तोंड दाखवायला आला म्हणून लोक चकित व्हायचे. तांब्याचा व्यापारी म्हणाला, मिस्त्री, आधी स्वतःचं बघा की. त्याला मिस्त्रींनी तेच उत्तर दिलं, जे ते मोटार घेऊन आलेल्याला द्यायचे. "आदी जळकी तार भायेर. ती आत ठिवून वरनं नवी भरली तर पुन्ना जळती, शेठ." त्या व्यापाऱ्याने मग त्यांना पुढची दहा वर्षं तांबं उधार दिलं, आणि ती उधारी मिस्त्रींना चेकपेक्षाही जास्त कामाला आली.

यवत-राहूकडे उसाचं रान. विहिरींवर, नदीवर मोटारीच मोटारी. त्यात भारनियमन सुरू झालं. लाईट यायची ती कमी दाबाने, सगळे एकदम मोटारी चालू करायचे आणि त्या पटापट जळायच्या. मिस्त्रींच्या पत्र्याखाली जळक्या मोटारींची रांग लागायला लागली. मंदाबाई तारेखाली घालायचा कागद कापून द्यायच्या, दोऱ्याने वेटोळी बांधायच्या. काम वाढलं तरी मिस्त्रींनी पुन्हा मशीन घेतलं नाही. "हातानं जेवडं व्हतंय तेवडं. म्हातारी हाय तवर दोन खोल्या उभ्या करायच्यात, बास." हे ते प्रत्येकाला सांगायचे. गिऱ्हाइकालाही सांगायचे. म्हातारी ऐंशीच्या पुढे गेलेली, त्यामुळे त्यांना घाई होती.

त्या काळात ते एकदा माझ्या दारात आले. अंगणात उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. यवतच्या बँकेत खातं काढायचं होतं, प्लॉटसाठी पैसे साठवायला, आणि बँकेला रहिवासाचा पुरावा हवा होता. टायरवाला लिहून देईना. मिस्त्रींच्या नावाचं लाईट बिल साऱ्या जगात एकाच ठिकाणी येत होतं, माझ्याकडे. मी मुकाट्याने बिल आणून दिलं. त्यांनी झेरॉक्स काढून आणली, मूळ बिल परत केलं. जाताना म्हणाले, "नाव बदलून घ्यायचं तर सांगा, साहेब. सई देतो. पन नाव माझं हाय तवर बिल येळेवर भरा. माझं नाव पुन्ना थकबाकीत नको."

सही मागायला मला तोंड नव्हतं. बिल मात्र वेळेवर भरू लागलो. एका दिवाळीत बोनस मिळाला आणि आम्ही आठवडाभर कोकणात गेलो. त्या गडबडीत आधीच्या महिन्याचं बिल राहून गेलं, ते ध्यानातच आलं नाही. परत आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं की वायरमन यादी घेऊन आला होता आणि आळीच्या तोंडाशी ओरडत होता, "साळवे नामदेव, कनेक्शन तोडायचं का?" किराणावाल्याने ते ऐकलं, आणि पुढच्या रविवारी गमतीने मिस्त्रींच्या कानावर घातलं. मीटरच्या डब्यात बिल भरल्याची पावती खोचलेली होती. मिस्त्री स्वतः भरून गेले होते.

मी दुसऱ्याच दिवशी यवतला पैसे घेऊन गेलो. वाटलं होतं, राहू द्या म्हणतील. त्यांनी नोटा मोजून घेतल्या. "घ्यायलाच पायजेत," ते म्हणाले. "न्हाईतर तुमच्यावर माझं उपकार व्हतील. त्ये मला परवडायचं न्हाई." मग पुढची मोटार ओढली आणि बोट वर केलं.

म्हातारी गेल्याचं मला तांब्याच्या व्यापाऱ्याकडून कळलं, तेही नऊ-दहा दिवसांनी. मी गेलो तेव्हा मिस्त्री कामावरच होते. त्या दिवशी वेढे मोजताना ते दोनदा चुकले. दोन्ही वेळा तार उलगडून पहिल्यापासून सुरुवात केली. मी उभाच होतो. शेवटी खडू न उचलता ते म्हणाले, "मंदा बाजारला गेल्याली. म्या राहूला मोटार बसवाय. आलो तर खोलीत अंदार. वाटलं, रोजच्यासारकी बसलीय. म्या बटन दाबलं, म्हनलं, आये, च्या घेती का." प्लॉटचे पैसे पुरे व्हायला तेव्हा वर्षभरच कमी होतं. मी मनात हिशोब केला. स्टोअरकीपरचं डोकं, नको तिथे चालतं. त्या लिलावाला बोली लागली नसती तर चार महिन्यांत चेक आला असता आणि म्हातारी स्वतःच्या हाताने दिवा लावून गेली असती. हे त्यांनाही कळत होतं.

मिस्त्रींचं घर झालं ते त्यानंतर दोन वर्षांनी. यवतच्या कडेला एक गुंठा, दोन खोल्या, पुढे ओटा. आमंत्रण द्यायला ते स्वतः शिरूरला आले. पुन्हा अंगणातच उभे राहिले. पत्रिकेसोबत स्टॅम्पपेपरवर लिहिलेला एक कागद दिला, नाव बदलायला हरकत नाही म्हणून, खाली सही. "परवा माझं पैलं बिल आलं तिकडं. माझ्या नावाचं. आता तुमच्या बिलावरचं काडून टाका." मी तो कागद कपाटात ठेवला. या घरावरून त्यांचं नाव एकदा मी काढलं होतं. दुसऱ्यांदा माझा हात झाला नाही.

गृहप्रवेशाला मी एकटाच गेलो. शैलाला चल म्हटलं, तर ती म्हणाली, मला मंदाबाईंपुढे उभं राहता यायचं नाही. वंदना झाली, त्रिशरण पंचशील झालं, खीर वाढली गेली. यवतचे कितीतरी शेतकरी आले होते, ज्यांच्या मोटारी मिस्त्रींनी भरल्या होत्या ते. ओट्यावर टायरवालाही खीर खात बसला होता. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा तोच फोटो, शेजारी म्हातारीचा. मी तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

लोक पांगले, उन्हं उतरली. ओट्यावर आम्ही दोघेच राहिलो. इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते मी बोलायला लागलो. "मिस्त्री, त्या लिलावाच्या वेळी मी तुम्हाला शब्द दिला होता..."

त्यांनी बोट वर केलं. हातात तार नव्हती, तरी वर केलं. मी थांबलो.

"आळीत बारा घरं," ते म्हणाले. "अकरा माझ्या शेजारी भिताडाला टेकून हुबी व्हती. तुमचा मेव्हना दर बोलीला भायेर टपरीकडं बगायचा. टपरीवर कोन हाय ते म्या बगाय गेलो न्हाई. काय बगायचं?"

"तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय. इसरलोबी न्हाई. पन राग घिऊन बसलो की तारेचं येढं चुकायचं, तार तुटायची. पोट येढ्यावर हाय माजं. म्हनून राग भायेर ठिवायचो आन् कामाला बसायचो. काम झालं की त्यो हाय तिथंच असायचा."

मी मान खाली घातली. माफ करा म्हणावं असं फार वाटलं, पण तो शब्द तोंडात खोटा वाटला. म्हातारी परत येणार नव्हती आणि मी ते घर परत करणार नव्हतो. उद्या सकाळी मी त्याच घरात उठणार होतो.

अंधारून आलं. आत मंदाबाई भांडी आवरत होत्या. मिस्त्रींचं गुडघ्यांचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, ते उठायला लागले आणि पुन्हा बसले. म्हणाले, "दिवा लावता का तेवडा?"

मी आत गेलो. दाराशेजारी नेहमीसारखा वाकून भिंतीवर हात नेला. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी असाच वाकतो, हाताला ती सवय झालेली. कमरेच्या उंचीवर हात फिरवत राहिलो. नवा गिलावा, गुळगुळीत, थंड. बटण नव्हतंच. मी आणखी खाली चाचपडलो, मग बाजूला.

ओट्यावरून आवाज आला, "वर हाय, भाऊ, वर. आता खाली कुनासाठी ठिवू?"